बाळाची एक गोटी (वृषण) खाली उतरली नाही, ऑपरेशन कधी करावं?

ताई, तुमचा मुलगा 14 महिन्यांचा आहे आणि उजवी गोटी अजून पिशवीत नाही. सासूबाई म्हणतात, शाळेत जाईपर्यंत उतरेल. तसं होत नाही हो. जी उतरायची ती बहुधा पहिल्या 6 महिन्यांतच उतरते. ऑपरेशन साधारण 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान करतात. पोटातल्या उबेत गोटीची वाढ बिघडते, पुढे मूल होण्याला अडचण येऊ शकते आणि कॅन्सरचा धोकाही वाढतो. गणपती पंधरा दिवसांवर आलेत, तेवढं थांबलात तर चालेल. पण पुढच्या शिमग्यापर्यंत थांबू नका.

आंघोळीच्या कोमट पाण्यात बाळ निवांत बसलं असताना बघा. तेव्हा गोटी खाली दिसत असेल तर ती नुसती वर-खाली होणारी असू शकते, तिला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. पण हा निवाडा बालशल्यचिकित्सकाच्या हातानेच व्हायला हवा. सोनोग्राफीसाठी अडून राहू नका.

आमच्या मुलाचं रत्नागिरीत झालं. जांघेत छोटा छेद, पिशवीवर एक, संध्याकाळी घरी. आधी किती तास उपाशी ठेवायचं ते नीट विचारून घ्या: अंगावरच्या दुधाला साधारण 4, वरच्या दुधाला 6. पिशवी काही दिवस सुजून निळसर दिसते, घाबरू नका. ताप आला किंवा जखमेतून पू आला तर मात्र लगेच दाखवा. आणि दोन आठवडे त्याला पाय फाकवून कडेवर घेऊ नका, हे आजीलाही सांगून ठेवा.