पेड इंटर्नशिप घेऊ दे तिला, पण आधी दोन-चार गोष्टी विचारून घ्या

ताई, तुम्ही कासा (कोर्टाने नेमलेली स्वयंसेवक पाठीराखी) म्हणून जिची केस बघता ती मुलगी २० ची, कॅलिफोर्नियात एक्स्टेंडेड फॉस्टर केअरमध्ये (आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीत वाढलेल्या मुलांना १८ नंतरही २१ पर्यंत मिळणारा आधार), वेअरहाऊसमध्ये नाइट शिफ्ट करते आणि आता एका ॲडव्होकसी संस्थेची (अशा मुलांसाठी कायदे बदलायला झटणारी) सहा महिन्यांची पेड इंटर्नशिप मिळतेय, तासाचे पैसे थोडे कमी. घ्यावी का आणि पगारामुळे बाकीचं काही बंद पडेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते घ्यावीच, फक्त संस्था पैसे तिच्या कामाचे देतेय की केअरमधल्या तिच्या कहाणीचे, हे आधी बघायचं.

पैशांचं आधी सांगते, कारण मुलं तिथेच घाबरून मागे फिरतात. एक्स्टेंडेड केअरमध्ये राहायला पाचातली एक अट पुरी लागते: हायस्कूल पूर्ण करणं, कॉलेज किंवा व्होकेशनल कोर्स, महिन्याला किमान ८० तास काम, नोकरीच्या तयारीचा प्रोग्रॅम, नाहीतर तब्येतीमुळे यातलं काहीच जमत नसणं. इंटर्नशिप यात आरामात बसते. आठवड्याला २० तासांची असली तर महिन्याचे जेमतेम ८० होतात, आणि मधे सुट्ट्या आल्या की कमी भरतात, म्हणून सोशल वर्करला सांगून नोकरीच्या तयारीच्या अटीखालीही नोंद करून घ्या म्हणजे नंतर कटकट नको. मेडि-कॅलची (राज्याचा सरकारी आरोग्य विमा) काळजी सोडा, १८ व्या वर्षी केअरमध्ये असलेल्यांना ते २६ पर्यंत मिळतं आणि उत्पन्न बघतच नाहीत. चॅफी ग्रँट, म्हणजे फॉस्टर केअरमधल्या मुलांची शिक्षणाची मदत, कॉलेज किंवा ट्रेनिंगसाठी वर्षाला ५००० डॉलरपर्यंत असते, त्यासाठी फाफ्सा (कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज) भरावा लागतो. १३ वर्षांनंतर कधीही केअरमध्ये होती म्हणजे तिथे ती इंडिपेंडंटच धरली जाते, आईवडिलांचं उत्पन्न कोणी विचारत नाही. पुढे हाउसिंग व्हाउचर (भाड्यासाठी सरकारी मदत) घेतलं तर मात्र कमाईच्या साधारण ३० टक्के भाड्यात जातात, म्हणजे पगार वाढला की तिचा वाटाही वाढणार, ते आधी सांगून ठेवा.

आता महत्त्वाचं, ऑफर लेटरमध्ये डब्ल्यू-टू (पगारी नोकर, टॅक्स संस्थाच कापते) आहे की टेन-नाइंटी-नाइन (कंत्राटी, टॅक्स आपला आपण) ते बघा. काही ठिकाणी पगाराला गोड शब्दात स्टायपेंड म्हणतात, हातात पूर्ण चेक येतो, पोरगी खूश, आणि एप्रिलमध्ये टॅक्स भरताना कळतं की १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स आपणच भरायचा आहे, वर इन्कम टॅक्स असला तर तो वेगळाच. शक्य असेल तर डब्ल्यू-टूच मागायचं. आणि कमाई कमी असली तरी कॅलिफोर्नियाचा टॅक्स रिटर्न भरायला लावा, १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी २०२२ पासून फॉस्टर यूथ टॅक्स क्रेडिट आहे, नियमात बसली तर हजार डॉलरच्या वर मिळू शकतात, आणि कितीतरी मुलं नुसतं रिटर्न न भरल्यामुळे ते सोडून देतात.

कागदपत्रं आत्ताच काढा. कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन वर्किंग डेजच्या आत आय-नाइनसाठी (कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा बर्थ सर्टिफिकेट दाखवावं लागतं, आणि सारखी घरं बदललेल्या मुलांकडे नेमकं हेच नसतं, कुठल्या तरी जुन्या प्लेसमेंटच्या (आधी ठेवलेल्या घराच्या) खोक्यात राहिलेलं असतं. केअर सोडताना हे सगळं मुलांच्या हातात द्यायचं असा फेडरल कायदा २०१४ पासून आहे, पण तुम्ही तोपर्यंत थांबू नका, मागून घ्या.

आता कहाणीचं, म्हणजे स्वतःबद्दल लोकांसमोर बोलण्याचं. या क्षेत्रात स्ट्रॅटेजिक शेअरिंग म्हणून एक ट्रेनिंग असतं, आपल्याबद्दल काय, कुठे, कशासाठी सांगायचं आणि काय अजिबात सांगायचं नाही ते आधी ठरवायचं. इंटर्नला हे ट्रेनिंग मिळतं का, हा इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारायचा प्रश्न. मी अशा पॅनेलवर बसलेय जिथे एका मुलाला पाहुण्यांनी आईबद्दल खोदून खोदून विचारलं, त्याने शांतपणे सांगितलं की त्याबद्दल मी बोलणार नाही, शाळा बदलल्यावर क्रेडिट्स (झालेल्या अभ्यासाची नोंद) कशी गेली ते विचारा. आणि मग जे बोललाय! अर्ध्या सेमिस्टरचं काम नव्या शाळेने धरलंच नव्हतं, खरं तर पार्शल क्रेडिट, म्हणजे अर्धवट झालेल्या अभ्यासाचंही क्रेडिट, द्यायचा कायदा राज्यात होता, तो त्याने स्वतः शोधून एका पानाचा मेमो लिहिला होता, वर मागणी, खाली तीन ओळीत कारण. लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात स्टाफरकडे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात, तिथे असं पानच चालतं, रडणं नाही.

ॲडव्होकसी म्हणजे हेच बघा: बिल वाचणं, कोणत्या कमिटीत अडकलंय ते शोधणं, हिअरिंगमध्ये दोन मिनिटांत मुद्दा मांडणं, मीटिंगनंतर फॉलो-अप ईमेल. नुसते फोटो काढून घ्यायला आणि गाला डिनरला भाषण करायला इंटर्न हवी असेल तर कामाच्या यादीत ते लगेच दिसतं. यादी लेखी मागा. मुलं बोलली की कायदे बदलतात हे कॅलिफोर्नियात काही नवीन नाही, कॅलिफोर्निया यूथ कनेक्शन ही संस्था १९८८ पासून फॉस्टर केअरमधल्या मुलांच्या जोरावरच चाललीय, आणि २१ पर्यंत केअर देणारा एबी १२ हा कायदा (२०१० चा) झाला त्यामागे केअरमध्ये वाढलेल्या मुलांचाही आवाज होता. ती आज ज्याच्यावर राहतेय तोच कायदा.

कॉलेज चालू असेल तर पुढची पायरी वॉशिंग्टनची. काँग्रेशनल कोअलिशन ऑन अ‍ॅडॉप्शन इन्स्टिट्यूट २००३ पासून केअरमधून आलेल्या मुलांना उन्हाळ्यात काँग्रेसच्या ऑफिसात इंटर्न म्हणून ठेवते, ती मुलं पॉलिसी रिपोर्ट लिहून तिथेच सादर करतात. तिथे अर्ज करायचा तर हातात स्वतः लिहिलेलं काहीतरी लागेल आणि फोन उचलणारा एक रेफरन्स लागेल, म्हणून या सहा महिन्यांत सुपरवायझर कोण आणि दर आठवड्याला भेटणार का, हे तासाच्या दोन डॉलर फरकापेक्षा जास्त बघा.

वेअरहाऊस एकदम सोडू नका म्हणावं, पहिला पगार बँकेत जमा होईपर्यंत वीकेंडची शिफ्ट मिळाली तर ठेवावी, कारण नव्या ठिकाणी पेरोल लागायला कधीकधी महिना जातो आणि भाडं काही थांबत नाही. ऑफर लेटर आलं की नाव-पत्ता झाकून इथे टाका, बघून सांगते.