अर्थविषयक शंकासमाधान : एका नोकरीचे तीन पगार?

प्रश्न (भुसावळ) : माझा मुलगा एच-१बी व्हिसावर अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी करतो. आम्हा दोघांच्या नावे जळगावात फ्लॅट घ्यायचा असून बँकेने उत्पन्नाचा पुरावा म्हणून त्याचा २०२५ सालचा डब्ल्यू-२ फॉर्म मागितला. नियुक्तिपत्रात वार्षिक पगार ९६,००० डॉलर आहे. फॉर्मच्या चौकट १ मध्ये मात्र ८४,००० आणि चौकट ३ व ५ मध्ये ९३,६०० असे आकडे आहेत. यातला खरा पगार कोणता, असे बँकेतील अधिकारी विचारतात. मी रेल्वेतून निवृत्त झालो. नोकरीभर फॉर्म १६ पाहिला, पण त्यात असा घोळ कधी दिसला नाही. कंपनीकडून चूक झाली असेल काय?

उत्तर : आपण कळवलेल्या आकड्यांत चूक दिसत नाही, उलट ते एकमेकांशी व्यवस्थित जुळतात. फॉर्म १६ मध्ये आधी संपूर्ण पगार दाखवला जातो आणि पी.एफ.सारखी वर्गणी खाली ८०-सी कलमाच्या वजावटीत येते, त्यामुळे कोणती रक्कम कोठे गेली हे वाचणाऱ्याला एकाच कागदावर कळते. डब्ल्यू-२ फॉर्मवर एकूण पगाराची चौकटच नाही. त्यावरची प्रत्येक चौकट एका विशिष्ट करापुरता पगार सांगते, आणि त्या करासाठी जी रक्कम मोजायची नाही ती आकडा छापण्यापूर्वीच वगळलेली असते. वाचणाऱ्याच्या सोयीचा विचार केला तर आपला फॉर्म १६ अधिक सरळ, असे माझे मत आहे.

चौकट १ मध्ये केंद्रीय प्राप्तिकरास पात्र असलेला पगार असतो. आपल्या चिरंजीवांनी निवृत्तीसाठीच्या ४०१-के योजनेच्या पारंपरिक प्रकारात पैसे भरले असतील, तर त्यावर आज प्राप्तिकर लागत नाही, पुढे पैसे काढताना लागतो; म्हणून ती रक्कम या चौकटीत धरली जात नाही. चौकट ३ सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) आणि चौकट ५ मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) कराची आहे. या दोन करांसाठी कर्मचाऱ्याने ४०१-केमध्ये भरलेली रक्कम पगारातच मोजली जाते. ज्या कलमावरून योजनेला नाव पडले ते १९७८ च्या कायद्याने आले, आणि १९८३ च्या दुरुस्तीने ही वर्गणी सोशल सिक्युरिटीच्या पगारात धरण्याचे ठरले. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन नोंदलेल्या पगारावरून ठरत असल्यामुळे, वर्गणी तेथूनही वगळली असती तर बचत करणाऱ्याचेच पुढचे निवृत्तिवेतन घटले असते.

आता आपले आकडे पाहू. ९३,६०० मधून ८४,००० वजा केल्यास ९,६०० उरतात आणि हे नियुक्तिपत्रातील पगाराचे नेमके दहा टक्के आहेत. आपण चौकट १२ कळवलेली नाही, पण तेथे ‘डी’ या अक्षरापुढे ९,६०० हीच रक्कम असावी. ती एकदा पाहून घ्यावी. राहिला ९६,००० आणि ९३,६०० यांतील २,४०० डॉलरचा, म्हणजे महिना २०० डॉलरचा फरक. तो बहुधा आरोग्य विम्याच्या हप्त्याचा आहे, कारण कंपनीच्या योजनेतून करापूर्वी कापला जाणारा हा हप्ता तिन्ही चौकटींतून वगळला जातो. पडताळणी हवी असेल तर चौकट ४ मध्ये ९३,६०० च्या ६.२ टक्के, म्हणजे ५,८०३.२० आणि चौकट ६ मध्ये १.४५ टक्के, म्हणजे १,३५७.२० डॉलर कापलेले दिसतील.

चौकट १२ मध्येच ‘डीडी’ असा दुसरा संकेत आढळला तर तो आकडा कोठेही मिळवू किंवा वजा करू नये. तो आरोग्य विम्याचा एकूण खर्च असून त्यात कंपनीचा वाटाही धरलेला असतो आणि तो केवळ माहितीसाठी छापतात. ४०१-केमध्ये कंपनीने आपल्या बाजूने घातलेली भर या तीनपैकी कोणत्याही चौकटीत येत नाही. राज्याच्या करासाठीची चौकट १६ बहुतेक ठिकाणी चौकट १ शी जुळते. पेनसिल्व्हेनियासारखे राज्य मात्र ही वर्गणी वगळू देत नाही, त्यामुळे तेथे चौकट १६ चा आकडा चौकट १ पेक्षा मोठा दिसू शकतो.

बँकेला नुसता डब्ल्यू-२ देऊन वाद घालण्यापेक्षा डिसेंबरची शेवटची पे-स्लिप सोबत जोडावी. तिच्यात जानेवारीपासूनचा एकूण पगार आणि प्रत्येक कपात वेगळ्या रकान्यांत असते, आणि अधिकाऱ्यांना हवा असलेला ९६,००० चा आकडा तेथेच सापडेल. डब्ल्यू-२ जानेवारी ते डिसेंबर या काळाचा असतो, एप्रिल ते मार्चचा नव्हे, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

प्रश्न (धुळे) : आमच्या सूनबाईंच्या २०२५ च्या फॉर्मवर उलटेच आहे. चौकट १ मध्ये १,९६,५००, चौकट ३ मध्ये त्याहून कमी म्हणजे १,७६,१०० आणि चौकट ५ मध्ये २,२०,००० डॉलर आहेत. निवृत्तीची वर्गणी सोशल सिक्युरिटीच्या पगारातून वगळत नाहीत, तर तो आकडा सर्वांत लहान कसा?

उत्तर : सोशल सिक्युरिटीचा कर पगाराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच लागतो आणि २०२५ साठी ती मर्यादा नेमकी १,७६,१०० डॉलर होती. मेडिकेअरला अशी मर्यादा नाही, म्हणून चौकट ५ मध्ये पूर्ण २,२०,००० आले. चौकट १ आणि ५ मधील २३,५०० चा फरक म्हणजे पन्नाशीच्या आतील कर्मचाऱ्याला त्या वर्षी ४०१-केमध्ये भरता येणारी कमाल रक्कम. सूनबाईंनी ती पूर्ण भरलेली दिसते.

प्रश्न (शहादा) : माझी मुलगीही ४०१-केमध्ये दरमहा पैसे भरते, तरी तिच्या फॉर्मवर चौकट १ आणि ५ चे आकडे सारखेच आहेत. मग रिटर्न भरताना ती रक्कम तिने स्वतः वजा करावी काय?

उत्तर : करू नये. चौकट १२ मध्ये ‘डी’ऐवजी ‘एए’ ही अक्षरे असतील, तर तिने रॉथ प्रकार निवडला आहे. त्यात कर आजच भरावा लागतो आणि अटी पूर्ण केल्यास पुढे काढलेल्या रकमेवर अमेरिकेचा प्राप्तिकर लागत नाही. त्यामुळे चौकट १ कमी होत नाही. वर्गणी पारंपरिक प्रकारची असती तरी ती कंपनीने आधीच वगळलेली असती आणि रिटर्नमध्ये पुन्हा वजा केल्यास एकाच रकमेची सवलत दोनदा घेतल्यासारखे झाले असते. दोन्ही प्रकारांत चौकट १ चा आकडा १०४० फॉर्मच्या १-ए या ओळीत जसाच्या तसा उतरवायचा असतो. मात्र तिने पारंपरिक प्रकार निवडला होता आणि कंपनीने चुकून रॉथ लावला, असे निघाले तर रिटर्न भरण्याआधीच वेतन विभागाकडे लेखी विचारणा करून आवश्यक तर सुधारित डब्ल्यू-२सी फॉर्म मागावा.