मागाचा खड्डा बुजवण्याआधी उतारा बघा

शहापूरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 61, निवृत्तीचे 16 लाख हातात. वडिलांच्या, विणकामाच्या मागाचा खड्डा असलेल्या कौलारू घरात चार बिऱ्हाडांची सोय करायची, प्रत्येकी 6,000 भाडं. 'वर्षाला 2 लाख 88 हजार, म्हणजे 18 टक्के सुटतात. करू ना?' एका बाजूला जुने भाडेकरू आहेत, महिना 400 देतात, 'ते उठतील'. आणि अगदी शेवटी, जाता जाता: 'घराचा उतारा अजून बाबांच्या नावावर आहे. आई-बाबा दोघंही नाहीत. दोन बहिणी आणि पुण्याचा भाऊ काही मागणार नाहीत.'

हिशेब आधी उरकतो. 400 रुपयांत राहणारा माणूस सहजासहजी उठत नाही. तीनच बिऱ्हाडं धरा. वर्षात महिनाभर जागा रिकामी, राहिले 2 लाख. घरपट्टी, मोटार, रंग, गळती गेली की 1 लाख 60 हजार. शिवाय काम 16 लाखांत होणार नाही. मागाचा खड्डा भरून फरशी, चार मोऱ्या, चार संडास, चार टाक्या. मातीची भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते गवंडीसुद्धा आधी सांगत नाही. 20 लाख धरा. सुटले 8 टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या 8.2 देते, आणि तिथं रात्री नळ गळतोय म्हणून फोन येत नाही.

पण अहो, घर तुमचं आहे कुठे? मृत्युपत्र नसेल तर चौघांचा सारखा वाटा, बहिणींचाही. तुम्ही घालाल त्यातले बारा आणे दुसऱ्यांच्या हिश्श्यावर जातील. 'काही मागणार नाहीत' हे आज खरं असेल. उद्या भाडं सुरू झालं, भाचे मोठे झाले की चित्र बदलतं. अशी भावंडं मी कोर्टात एकमेकांकडे न बघता बसलेली पाहिली आहेत.

चौघं एकत्र बसा. घराची किंमत उघड सांगा, बहिणींना त्यांचा वाटा हवा का ते मनापासून विचारा. मग वारसा नोंद, आणि वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, नोंदणी करूनच. फोनवरचा होकार कागद नाही.

आणखी एक. येणाऱ्या भाड्याच्या भरवशावर बँकेतून वर्षाला 1 लाख हप्त्याची विमा पॉलिसी गळ्यात मारून घेतलीत. कागद हातात येऊन 30 दिवस झाले नसतील तर आजच परत करा.

तोवर पावसाआधी घर शाकारून घ्या, तेवढंच. पावत्या जपा, भावंडांना दाखवा.