मीटरमधले नाणे नेमके काय करीत असे?

प्रश्न : पूर्वी इंग्लंडमध्ये घरगुती गॅसच्या मीटरमध्ये नाणे टाकावे लागे, असे वाचले. ही यंत्रणा कशी चालत असे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : बर्मिंगहॅमच्या ब्राउनहिल यांनी १८८७ च्या सुमारास अशा मीटरचे पेटंट घेतले. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या कुटुंबांना तीन महिन्यांचे बिल एकदम भरणे झेपत नसे, म्हणून १८९० च्या दशकात गॅस कंपन्यांनी हे मीटर कामगारांच्या घरोघरी बसवले.

यात नाणे किल्लीचे काम करी. पेनी टाकेपर्यंत बाहेरची मूठ नुसतीच फिरे. पेनी आत गेली की ती मूठ आणि आतले दातेरी चाक यांना जोडत असे आणि मूठ फिरवल्यावर झडप ठरावीक प्रमाणात उघडून नाणे कुलूपबंद पेटीत पडे. गॅस जसजसा वापरला जाई, तसतशी मीटरचीच चाके ती झडप मिटवत नेत. अखेरीस ज्योत मंदावे, ही सूचना मोलाची होती. कारण विझलेल्या शेगडीचा नळ उघडा राहिला आणि कोणी नवे नाणे टाकले, तर कार्बन मोनॉक्साइडयुक्त कोळशाचा गॅस खोलीत पसरून जीव जाण्याचा धोका असे.

पुढे विजेसाठीही शिलिंगचे मीटर आले. नाणी गोळा करणारा माणूस ती बहुधा स्वयंपाकघरातल्या टेबलावरच मोजी आणि जादा आकारलेल्या रकमेपैकी काही पैसे परत देई. तरीही तेवढ्याच गॅससाठी गरीब घराला अनेकदा जास्त पैसे मोजावे लागत, हे मला अन्यायाचे वाटते.