वाचकांचे प्रश्न : पोथीतील झिजलेले चेहरे

प्रश्न : युरोपातील पंधराव्या शतकाच्या प्रार्थनापोथ्यांची छायाचित्रे येथील एका व्याख्यानात पाहिली. एका चित्रात पोथी वाचणारी स्त्रीच मेरीच्या दर्शनात सामील झालेली दिसते, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचा चेहरा पुसट झाला आहे. देवाच्या चित्रात भक्ताने स्वतःला का रंगवून घ्यावे? आणि तो चेहरा कोणी मुद्दाम खरवडला असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिले चित्र बहुधा व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयातल्या, बर्गंडीच्या मेरी या राजघराण्यातील स्त्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथीतील (सुमारे १४७७) असावे. त्यात मांडीवर कुत्रे घेतलेली स्त्री खिडकीशी वाचत बसली आहे आणि खिडकीपलीकडे गॉथिक चर्चमध्ये बाळ येशूला घेतलेली कुमारी मेरी दिसते. तिच्यापुढे गुडघे टेकलेली स्त्रीही तीच वाचक, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे मानसपूजा करणारा जसा डोळे मिटून देवापुढे प्रत्यक्ष उभा राहतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे ती पूजा चित्रकाराने कागदापेक्षा कितीतरी महाग अशा चर्मपत्रावर रंगवून दिली. या पोथ्या धर्मगुरूंच्या नव्हेत, तर गृहस्थांच्या होत्या. दिवसाच्या आठ प्रार्थनावेळांपैकी पहिल्या वेळेला देवदूताने मेरीला दिलेल्या वार्तेचे, सकाळच्या एका वेळेला येशूजन्माचे, असा चित्रांचा क्रम बहुधा ठरलेला असे.

दुसऱ्या चित्राविषयी मात्र खरवडण्याचा संशय घाईने धरू नये. देवघरातील टाकांचे नाकडोळे रोजच्या स्नानाने आणि पुसण्याने सपाट होतात, त्यांना कोणी विटंबना म्हणत नाही. या पोथ्यांतही ख्रिस्ताच्या मुखाचे, पायांचे, जखमांचे चुंबन घेत, त्यांवर बोट फिरवीत. १३४९ मध्ये निधन पावलेल्या लक्झेंबर्गच्या बॉन या राजघराण्यातील स्त्रीच्या पोथीत तर ख्रिस्ताच्या कुशीतील, म्हणजे बरगडीजवळची, जखम शरीराविना, एकटीच मोठी रंगवलेली आहे, जणू स्पर्शासाठीच. चर्चमधील पूजापोथ्यांत मोठे चित्र चुंबनांपासून बचावावे म्हणून पानाच्या तळाशी वेगळा छोटा क्रूस काढीत, तरी ओठ वर सरकतच. हस्तलिखितांच्या अभ्यासक कॅथरीन रूडी यांनी पानांवरील मळ उपकरणाने मोजून कोणती पाने अधिक हाताळली गेली, हेही दाखवले आहे.

आपण ते छायाचित्र पुन्हा पाहावे. रंग ओलाव्याने पसरल्यासारखा असेल तर ते चुंबन. धारदार ओरखडे असतील तर हेतू निराळा. असे ओरखडे बहुधा सैतानाच्या तोंडावर आढळतात, आणि ते भाविकांनीच ओढलेले असतात.