रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का धडधडते?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, वय ३८. दारू-तंबाखू नाही, चहा मात्र दिवसाला आठ-नऊ कप. गेल्या श्रावणात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात एकाएकी छाती धडधडायला लागली. दरदरून घाम, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, आता संपलं. ड्रायव्हरने गाडी तशीच दामटत मलकापूरला आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड बरीच उतरली होती. ईसीजी चांगला. पुढे कोल्हापुरात टूडी इको, ट्रेडमिल सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." त्यानंतर असं पाच वेळा झालं. घाटाची ड्युटी मी बदलून घेतली, आता भरलेल्या गाडीतही धास्ती वाटते. सासूबाईंनी देवऋषीकडे नेऊन उतारा काढला. ओळखीचा मेडिकलवाला एक बारीक गोळी देतो. आधी कधीमधी अर्धी घ्यायचो, आता रोज लागते. हे हार्टचं आहे की डोक्याचं?

उत्तर : "तुम्हाला काहीही झालेलं नाही" हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात बोलायचं सोडून दिलंय. हृदय ठीक आहे, एवढंच ते रिपोर्ट सांगतात. सासूबाईंवर रागावू नका. उताऱ्याने काही होणार नाही, पण जावयाला काहीतरी झालंय हे त्या बाईंनी निदान मानलं.

तुमच्या वर्णनावरून हे पॅनिक अटॅक दिसतात. मी स्वतः त्यातून गेलोय. १९९६ साली तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला, डोक्यावर बँकेचं कर्ज, घरात सहा महिन्यांची मुलगी, रात्री-बेरात्री व्हिजिट. एका रात्री अडीच वाजता तुमच्यासारखंच झालं. खाली दवाखान्यात जाऊन मी स्वतःच्याच छातीला ईसीजीचे रबरी फुगे चिकटवले. हात इतके थरथरत होते की पहिल्या पट्टीवर नुसत्या गिरगोट्या उमटल्या. दुसरी बायकोने काढली, ती स्वच्छ आली. तरी त्या महिन्यात मी मिरजेला जाऊन आणखी तीनदा ईसीजी काढला. चांगला रिपोर्ट दोन दिवस पुरायचा. तिसऱ्या दिवशी वाटायचं, मशीनच बिघडलेलं असणार! एमबीबीएस झालेल्या माणसाची ही गत, तर तुम्ही घाबरलात यात नवल काय?

रानात पायाशी साप आला तर शरीर काय करतं? अड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास जोरात चालतो. पॅनिकमध्ये साप नसतानाच हे सगळं सुरू होतं. श्वास भराभर चालल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, काहींची बोटं वाकडी होतात. म्हणजे श्वास पुरत नाही असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा जास्तच चाललेला असतो. झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. मलकापूरला तुमचा उतरला तो असाच, तिथे औषध मिळायच्या आधी.

हा आजार नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधडणारी छाती तपासून दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने १८७१ साली त्यावर लिहिलं. त्याने त्याला 'चिडकं हृदय' म्हटलं होतं. पॅनिकला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत जागा मिळाली ती १९८० साली. तोवर रुग्ण हृदयाच्या डॉक्टरांच्या दारात हेलपाटे घालत होते. अजूनही घालतात.

मला खरी काळजी घाटाची वाटते. ड्युटी बदललीत त्या दिवशी हायसं वाटलं असेल. पण मेंदूने त्यातून धडा घेतला की घाट खरोखरच जीवघेणा होता, टळला म्हणून वाचलो. आज घाट, उद्या भरलेली गाडी, परवा घराबाहेर पडणंच नको. हे उलटं फिरवायचं तर हळूहळू. सुट्टीच्या दिवशी मित्राला घेऊन प्रवासी म्हणून घाटमाथ्यावरच्या आंबा गावापर्यंत जा. ते जमलं की घाट उतरून साखरप्यापर्यंत. मग एकट्याने, आणि शेवटी तिकिटं फाडत. मधे झटका आला तर उतरू नका. घड्याळ बघा, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा, आणि येऊ दे त्याला. तोंडाला कागदी पिशवी लावून श्वास घेऊ नका. दुखणं खरंच हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर ते अंगाशी येतं.

ती बारीक गोळी बहुधा अल्प्राझोलामची, म्हणजे धास्ती तात्पुरती दाबणारी, असावी. चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नसते. तिची सवय लागते, आणि तुम्हाला ती लागलेली दिसते. म्हणून आजपासून बंद असा बाणा मात्र दाखवू नका. एकदम तोडली तर झटके दुप्पट होतात, क्वचित फिटही येते. ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करायची असते. ते दुसरी औषधं देतील. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडं अस्वस्थही वाटतं, तेव्हा चौथ्या दिवशी डबी फेकू नका. त्यांची या गोळीसारखी चटक लागत नाही. बोलून करायचे उपचारही यात चांगले लागू पडतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, ड्युटीमुळे जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दोन कामं आधी करा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन झालेलं नसेल तर करून घ्या. थायरॉइड जास्त झालं किंवा रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. आणि चहा दर आठवड्याला दोन कपांनी उतरवा, एकदम सोडलात तर डोकं धरेल. चढ चढताना छातीत दाब आला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, भोवळ येऊन पडलात, तर मात्र माझं हे उत्तर विसरून थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : आईचं वय ६१. वर्षभर ती गप्प असते, दिवसभर झोपते, भजनी मंडळ सोडलं. ब्लाउज घट्ट होतात, पोट साफ होत नाही. भाऊ म्हणतो डिप्रेशन. थायरॉइडची ७५ची गोळी रोज चालू आहे तरी टीएसएच १४. डोस वाढवायचा का? (एक मुलगी, बारामती)

उत्तर : गोळी ती कशी घेते? तुम्ही सोबत पाठवलेल्या कागदावर लिहिलंय, "सकाळी चहाबरोबर, कॅल्शियमसोबत". बहुतेक तिथेच घोटाळा आहे. कॅल्शियम त्या गोळीला पोटात धरून ठेवतं, चहानेही ती नीट शोषली जात नाही. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. लोहाची किंवा ॲसिडिटीची गोळी असेल तर त्यातही चार तासांचं अंतर हवं. थायरॉइड कमी असलं की टीएसएच असा चढतो आणि माणूस असाच मंदावतो, उदासही होतो. भाऊ चुकतोय असं लगेच म्हणणार नाही, दोन्ही एकत्र असू शकतं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. तो उतरला आणि तरी आई तशीच असली, तर भावाचं ऐका. तोवर डोस वाढवून घेऊ नका.