फायटर मासा दाणे थुंकतोय, त्याला काय आणि किती द्यावं?

पहिल्यांदा दाण्याचा आकार बघा. गोल्डफिशचे मोठे दाणे फायटरच्या तोंडात मावत नाहीत, मग तो ते चघळतो, थुंकतो, परत उचलतो. एक मिलिमीटरच्या आसपासचे, तरंगणारे, खास 'बेटा'चे (फायटरचंच दुसरं नाव) दाणे आणा. हा मासा मूळचा थायलंडकडचा, पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा. तोंडही वरच्या बाजूला वळलेलं. म्हणून पाकिटावर घटकांत पहिलं नाव मासे किंवा कोळंबीचं हवं, गव्हाचं नको.

सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन दाणे. बस! पोट अगदी लहानसं असतं. तुम्ही काचेजवळ गेलात की तो शेपूट हलवत नाचेल, आठवडाभर उपाशी असल्यासारखा. भुलू नका. माझ्या घरी आई त्याला गुपचूप 'अजून एक' टाकायची. दोन दिवसांत पोट लिंबासारखं टम्म. एक दिवस उपास घडवला, तेव्हा उतरलं. तेव्हापासून आमच्याकडे त्याचा सोमवार असतो.

आठवड्यातून एकदा-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), वितळवून. उरलेले दाणे पाच मिनिटांत काढा, नाहीतर कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. पोळी-भात अजिबात नको.